कॉम्प्रेसरवाली मर्सिडीज कोणाची?

२०१२ च्या वसंतात जर्मनीतल्या एसेन शहरात टेक्नो-क्लासिका भरलं होतं. जुन्या गाड्यांचं हे युरोपातलं नावाजलेलं प्रदर्शन. तिथे एका विक्रेत्याच्या दालनात १९३५ सालची मर्सिडीज-बेंझ ५००के स्पेशल रोडस्टर उभी होती. गाडीच्या निम्म्याहून जास्त लांबीचं बॉनेट, त्याच्या कुशीतून बाहेर आलेल्या क्रोमच्या जाड नळ्या, मागे लाटेसारखे उतरत गेलेले मडगार्ड. सातच महिन्यांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या लिलावात तिला ३७ लाख ६७ हजार ५०० डॉलर मोजले गेले होते. पैसे रोख, पावती पक्की, लिलावसंस्था नामांकित. तरीही न्यायालयाच्या आदेशाने ती प्रदर्शनातच जप्त झाली. गाडी आमची आहे, १९४५ साली अमेरिकन सैनिकांनी ती आमच्या घरातून नेली, असं हान्स प्रीम यांच्या वारसांचं म्हणणं होतं.

मधली ६७ वर्षं ही गाडी कोणाची होती, हा प्रश्न वरवर वकिलांचा वाटतो. पण या जातीच्या गाड्या मुळात कोणासाठी बनल्या, कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेल्या आणि त्यात कोणाचं काय गेलं, हे पाहू लागलं की निम्म्या विसाव्या शतकाचा हिशेब समोर येतो.

प्रीम घराणं आखेनजवळच्या स्टोलबर्गचं. पितळेच्या कामासाठी हा गाव शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. आखेनमधून धर्माच्या भांडणांमुळे बाहेर पडलेल्या प्रोटेस्टंट कारागिरांनी तिथे भट्ट्या घातल्या, त्यांत प्रीमही होते. आपला इतिहास १५३० पासून सांगणारी ही कंपनी जर्मनीतल्या सर्वांत जुन्या कौटुंबिक कारखान्यांपैकी एक. आपल्या झबल्या-परकरांना लागणारं टिचबटण माहीत आहे ना? त्याच्या पोटात बारीक स्प्रिंग बसवून ते नीट लागेल आणि नीट सुटेल अशी सोय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कंपनीने केली आणि मग बटणांनी घर भरलं. म्हणजे एकेक पैशाच्या वस्तू कोट्यवधींनी विकून झालेल्या श्रीमंतीतून ही गाडी आली. मोटारींच्या इतिहासात राजेरजवाडे आणि नटनट्या फार मिरवतात. प्रत्यक्षात अशा गाड्यांची खरी गिऱ्हाइकं बटणं, साबण आणि काच विकणारी माणसं होती.

आता गाडीविषयी. सुपरचार्जर, जर्मनांच्या तोंडी कॉम्प्रेसर, हा पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा वारसा. उंचावर हवा विरळ होते, इंजिन गुदमरतं, म्हणून त्यात हवा दाबून भरायची. युद्ध संपलं, जर्मनीला विमानं बनवायची बंदी झाली आणि डाइमलरच्या अभियंत्यांनी तीच युक्ती मोटारीला लावली. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात त्यांच्या सुपरचार्जरवाल्या गाड्या लोकांनी पहिल्यांदा पाहिल्या. १९२३ मध्ये फर्डिनांड पोर्शे डाइमलरमध्ये मुख्य अभियंता म्हणून आले. १९२६ मध्ये डाइमलर आणि बेंझ या दोन कंपन्या एक झाल्या आणि पुढच्याच वर्षी ‘एस’ ही ६.८ लिटरची गाडी बाहेर पडली.

या यंत्रणेची गंमत अशी की ती कायम चालू नसते. इंजिनच्या पुढच्या टोकाला पंप उभा बसवलेला. त्यात दोन रोटर एकमेकांना खेटून फिरतात. एरवी तो झोपलेला. चालकाने पाय पूर्ण दाबून अॅक्सिलरेटर तळाला टेकवला की क्लच लागतो, पंप क्रँकशाफ्टच्या जोरावर फिरू लागतो आणि कार्ब्युरेटरमध्ये हवा कोंबली जाते. त्याबरोबर जी किंकाळी उठते ती कानात बसते. पाय जरा उचलला की सगळं शांत. ही करामत थोडाच वेळ वापरायची, एखादा चढ काढायला किंवा पुढच्याला मागे टाकायला, असं कारखान्याचं सांगणं असे. जास्त ताणलं तर इंजिन त्याची किंमत वसूल करी. म्हणून या गाड्यांची ताकद दोन आकड्यांत सांगत. ५००केसाठी हे आकडे १०० आणि १६० अश्वशक्ती. पहिला रोजचा, दुसरा पाय तळाला असतानाचा.

जून १९२७ मध्ये आयफेलच्या डोंगरात न्युरबुर्गरिंग हा नवा शर्यतमार्ग खुला झाला. उद्घाटनाच्या शर्यतीत ‘एस’ पहिली आली आणि दुसरीही. पहिला रुडॉल्फ काराचोला, दुसरा आडोल्फ रोझेनबर्गर. काराचोलाची कीर्ती पुढे वाढतच गेली. १९२९ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या आर्ड्सच्या रस्त्यांवर, धो धो पावसात, ७.१ लिटरच्या ‘एसएस’मध्ये त्याने टूरिस्ट ट्रॉफी जिंकली. मग आखूड चॅसीची ‘एसएसके’ आली आणि तिला भोकं पाडून हलकी केलेली ‘एसएसकेएल’. १९३१ ची मिल्ले मिलिया, म्हणजे इटलीतली हजार मैलांची शर्यत, काराचोलाने याच हलक्या गाडीत जिंकली. ती जिंकणारा तो पहिला परदेशी चालक. जागतिक मंदीने तेव्हा कंपनी इतकी खंगली होती की शर्यतींचा अधिकृत चमू तिने गुंडाळला होता. व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउर यांनी कशीबशी तजवीज करून काराचोलाला गाडी मिळवून दिली होती.

दुसरा आला तो रोझेनबर्गर. त्याच्याविषयी मोटारींच्या पुस्तकांत फार दिवस एखादंच वाक्य असे. प्फोर्झहाइमच्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा नुसता चालक नव्हता, पैशाचा व्यवहार उत्तम जाणणारा होता. पोर्शे मर्सिडीजमधून बाहेर पडले आणि १९३१ मध्ये त्यांनी स्टुटगार्टला स्वतःचं अभियांत्रिकी कार्यालय काढलं, तेव्हा तीन भागीदार होते: पोर्शे, त्यांचे जावई आंटोन पिएख आणि रोझेनबर्गर. सुरुवातीची ओढाताण रोझेनबर्गरने स्वतःचे पैसे घालून आणि उसने मिळवून निभावली. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. १९३५ मध्ये त्याचा १० टक्के हिस्सा दर्शनी किमतीला, म्हणजे जवळजवळ नाममात्र रकमेला, पोर्शे कुटुंबाकडे गेला. त्याच वर्षी त्याला अटक होऊन किस्लाऊच्या छळछावणीत टाकण्यात आलं. सुटल्यावर त्याने देश सोडला, अमेरिका गाठली आणि तिथे अॅलन रॉबर्ट हे नाव घेतलं.

प्रीम यांची ५००केही १९३५ चीच. ही दोन्ही सालं एकच आहेत हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण जुन्या गाड्यांवर लिहिणारे लोक १९३० च्या दशकातल्या जर्मनीकडे पाहताना नजर मडगार्डवरून वर उचलत नाहीत.

मंदीतून वर आलेल्या नव्या जर्मनीत मोटार हे सरकारी स्वप्न होतं. हिटलरने १९३३ मध्येच नव्या गाड्यांवरचा कर उठवला, ऑटोबान बांधायला घेतले, शर्यतींना पैसा दिला. ५००के १९३४ मध्ये आली ती या हवेत. झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात हेर्मान आरेन्स यांच्या देखरेखीखाली खास बॉडी बनवणारा विभाग होता. तिथे लाकडी सांगाड्यावर पत्रा हाताने ठोकून एकेक गाडी उभी राही. दोन वर्षांत ५००केच्या सगळ्या प्रकारांच्या मिळून साडेतीनशेच्या आत गाड्या बनल्या, त्यांत स्पेशल रोडस्टर जेमतेम तीसेक. १९३६ मध्ये पॅरिसला तिची थोरली बहीण ५४०के दाखल झाली, ५.४ लिटर आणि १८० अश्वशक्तीची. स्पेशल रोडस्टरची किंमत २८,००० राइशमार्क.

या आकड्याशेजारी आणखी एक आकडा ठेवून पाहावा. सामान्य जर्मन माणसासाठी सरकारने जाहीर केलेल्या ‘केडीएफ’ गाडीची, म्हणजे पुढच्या फोक्सवॅगन बीटलची, किंमत ९९० मार्क. दर आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट चिकटवून वही भरायची आणि मग गाडी न्यायची. ३ लाखांहून जास्त लोकांनी वह्या भरायला घेतल्या. युद्ध सुरू झालं, कारखान्यात लष्करी वाहनं निघू लागली आणि या वहीवाल्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. त्यांचा खटला युद्धानंतर वर्षानुवर्षं चालला आणि १९६१ मध्ये तडजोड झाली: नव्या फोक्सवॅगनवर ६०० मार्कांपर्यंत सूट, नाहीतर हातात १०० मार्क.

आणि ज्यांच्याकडे गाडी होती पण जे ज्यू होते त्यांचं काय? ३ डिसेंबर १९३८ रोजी हिमलरच्या हुकमाने जर्मनीतल्या सगळ्या ज्यूंचे वाहन परवाने आणि गाड्यांचे नोंदणीकागद रद्द झाले. कागद गेल्यावर गाडी दारात ठेवून करायचं काय? पडेल भावाने ती विकणं आलं. त्या महिन्यात जर्मनीत किती गाड्यांनी मालक बदलला असेल, त्यांत कॉम्प्रेसरवाल्या किती असतील, हे लिलावाच्या कॅटलॉगमध्ये कधी छापून येत नाही. तिथे लिहिलेलं असतं, ‘१९३८ मध्ये दुसऱ्या मालकाकडे’.

युद्ध लागल्यावर खाजगी गाड्या रस्त्यावरून हटल्या. पाटीवर लाल खूण असलेल्यांनाच पेट्रोल. अनेक गाड्या लष्कराने उचलल्या, बाकीच्या गोठ्यात, गवताखाली, तळघरात गेल्या. १९४४ च्या सप्टेंबरात अमेरिकन फौजा आखेनच्या पट्ट्यात शिरल्या. स्टोलबर्ग काही आठवडे दोन्ही सैन्यांच्या मधोमध चिरडलं जात होतं. जर्मनी पडली तेव्हा अमेरिकन सैनिकांच्या हाती जे लागलं त्यात कॅमेरे, तलवारी, घड्याळं होती आणि मर्सिडीजही. प्रीम यांची रोडस्टर अशीच गेली आणि अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचली.

जिंकलेल्या सैन्याला हे करता येतं का? १९०७ चा हेग करार स्पष्ट आहे: लूट करायची नाही, खाजगी मालमत्तेला हात लावायचा नाही. त्यात एक पळवाट मात्र ठेवलेली आहे. वाहतुकीची साधनं खाजगी असली तरी ताब्यात घेता येतात. पण तह झाल्यावर ती परत करायची आणि नुकसानभरपाई ठरवायची. पहिला भाग सगळ्यांना पाठ होता, दुसरा कोणालाच आठवला नाही.

सेनापतीही यात मागे नव्हते. बेर्ख्टेसगाडेनला हेर्मान ग्योरिंगची निळी, चिलखती ५४०के अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या हाती पडली. ‘ब्लू गूज’ हे तिचं नाव तेव्हापासूनचं. मेजर जनरल मॅक्सवेल टेलर तीतून फिरले. मग ती अमेरिकेत आली, युद्धकर्जाच्या प्रचारासाठी गावोगाव मिरवली, सरकारी तळावर पडून राहिली आणि १९५६ मध्ये भंगारासारखी लिलावात निघाली. या गाडीच्या बाबतीत मला वारसांचा कळवळा येत नाही. ग्योरिंगने स्वतः युरोपभरच्या ज्यूंच्या भिंतींवरची चित्रं उतरवून आणली होती.

याच सुमाराची आणखी एक कथा सांगतो, गाडी स्पोर्ट्स नसली तरी. कॅनडाच्या युद्धसंग्रहालयात ७.७ लिटरची सुपरचार्जर असलेली प्रचंड ७७० मर्सिडीज आहे. अमेरिकन सार्जंट जो अझारा याला ती मे १९४५ मध्ये साल्झबुर्गजवळच्या लाउफेन इथे रेल्वेच्या उघड्या डब्यावर सापडली. ती ग्योरिंगची असं ठरलं, तशी पाटी लागली. तीही १९५६ मध्ये विकली गेली, क्वेबेकच्या एका गृहस्थांकडे पोचली, त्यांनी १९७० मध्ये संग्रहालयाला दिली. पाटी तीच. संग्रहालयाचा ग्रंथपाल लुडविग कोशे मात्र समाधानी नव्हता. जुने फोटो, नंबरपाट्या आणि कारखान्याच्या नोंदी ताडून पाहत त्याने १९८० च्या सुमारास सिद्ध केलं की गाडी ग्योरिंगची नव्हे, खुद्द हिटलरच्या ताफ्यातली आहे. पस्तीस वर्षं हजारो लोक चुकीच्या राक्षसाच्या गाडीकडे पाहून शहारले होते. मोटारींच्या वंशावळीवर विश्वास किती ठेवायचा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. शिवाय कोशेचं काम उलट्या दिशेचं होतं. ‘हिटलरची गाडी’ म्हणून खपवलेल्या मर्सिडीज अमेरिकेच्या जत्रांत ढिगाने फिरल्या. खरी असूनही तसं न म्हणवणारी ही एकच.

युद्धानंतरची वीस वर्षं या गाड्यांना कुत्रं विचारत नव्हतं. पेट्रोल पाण्यासारखं पिणाऱ्या, सुटे भाग न मिळणाऱ्या, पराभूत देशाच्या थोराड गाड्या. त्या वाचल्या त्या लहरी माणसांमुळे. इंग्लंडमध्ये जॉर्ज मिलिगन यांनी १९४१ मध्ये, बॉम्ब पडत असताना, शत्रूच्या देशातली एक ‘एसएसके’ ४०० पौंडांना घेतली आणि मरेपर्यंत सोडली नाही. २००४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर ती गुडवूडला लिलावात निघाली तेव्हा किंमत ४१ लाख पौंडांच्या पुढे गेली.

पण मालक असावा तर इग्नासियो बाराकेर यांच्यासारखा. बार्सिलोनाचे हे नेत्रशल्यविशारद. मोतीबिंदू चिमट्याने ओढून काढण्यापेक्षा तो शोषून धरला तर डोळ्याला इजा कमी, असं त्यांच्या मनात आलं. ते सुचलं, म्हणे, जळू पाण्यातला खडा तोंडाने शोषून अलगद उचलते हे पाहून. १९१७ मध्ये त्यांनी निर्वात शोषणाचं उपकरण तयार केलं आणि जगभरचे डॉक्टर ते पाहायला येऊ लागले. १९३८ सालची ५४०के ऑटोबान-कुरिअर, पाण्याच्या थेंबासारख्या पाठीची, पहिल्या दिवसापासून त्यांची. हवा खेचणाऱ्या यंत्राच्या जनकाने हवा कोंबणाऱ्या यंत्राची गाडी घ्यावी, हे मला फार आवडतं. १९६५ मध्ये ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या डोळ्यांतल्या पारपटलांचं रोपण झालं आणि ते त्यांच्या मुलानेच केलं. गाडी मात्र कुटुंबाने २००४ पर्यंत ठेवली. नव्या मालकांनी ती दुरुस्त करून घेतली आणि २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत ती सर्वोत्तम ठरली. तिच्या कागदांत एकही संशयाची ओळ नाही: एक डॉक्टर, त्याची मुलं, आणि मग विक्री.

बाजाराला आज हवं असतं ते हेच. २०१२ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे एसेनच्या जप्तीनंतर पाचेक महिन्यांनी, पेबल बीचला बॅरोनेस गिझेला फॉन क्रीगर यांची १९३६ ची ५४०के स्पेशल रोडस्टर १ कोटी १७ लाख ७० हजार डॉलरला गेली. या प्रशियन बाईंनी नाझी जर्मनीत परतायचं नाकारलं, युद्धानंतर गाडीसह अमेरिका गाठली आणि पुढे गाडी कनेक्टिकटमधल्या ग्रिनिच गावी एका हॉटेलच्या आवारात ठेवून त्या युरोपात निघून गेल्या. विकायचीही नाही, न्यायचीही नाही. १९८९ मध्ये त्या गेल्या तेव्हा गाडी तिथेच होती. अॅशट्रेमध्ये लिपस्टिक लागलेली सिगारेटची थोटकं, सीटखाली रेशमी हातमोजा. प्रीम यांच्या गाडीच्या तिप्पट किंमत आली. ५४०के ५००केपेक्षा मोठी आहे हे खरं, पण एवढा फरक इंजिनाचा नव्हता. ही गाडी कोणीही कोणाकडून हिसकावलेली नव्हती.

आता पुन्हा न्यायालयाकडे. जर्मन नागरी संहितेच्या ९३५ व्या कलमाचा आशय असा: चोरीला गेलेली वस्तू विकत घेणारा कितीही प्रामाणिक असला तरी मालक होत नाही. चोराकडे नसलेला हक्क तो पुढच्याला देणार कुठून? आपल्याकडच्या १९३० च्या मालविक्री कायद्याचं २७ वं कलमही मुळात हेच सांगतं. अमेरिकेतही तत्त्व वेगळं नाही. मात्र तिथे मुदतीचे आणि दिरंगाईचे आक्षेप इतके आहेत की ६०-७० वर्षांनी दावा टिकवणं कठीण. गाडी कॅलिफोर्नियात होती तोवर वारसांचा रस्ता म्हणूनच लांबचा होता. ती जर्मन भूमीवर आली आणि खेळाचे नियम बदलले. जर्मन न्यायालयाचा कौल प्रीम यांच्या वारसांच्या बाजूने लागला. घेणाऱ्याने विकणाऱ्याकडे, विकणाऱ्याने त्याच्या आधीच्याकडे पैसे मागावेत. १९४५ च्या त्या सैनिकापर्यंत अर्थातच कोणी पोचणार नव्हतं.

मोटारींच्या दुनियेत या निकालाने खळबळ उडाली. युद्धाच्या आधीची जर्मन गाडी युरोपात नेण्यापूर्वी १९३९ ते १९४५ या वर्षांचे कागद दहादा तपासा, असं वकील सांगू लागले. काहींनी निकालावर टीका केली: एवढी वर्षं तेल-पाणी केलं, लाखो डॉलर घालून गाडी उभी केली ती दुसऱ्यांनी, आणि न्यायला आले वारस! ही तक्रार मला अर्धीच पटते. सांभाळणाऱ्याचा खर्च त्याला मिळायला हवा. मात्र सांभाळलं म्हणून मालकी येत नाही. ती येते असं एकदा मान्य केलं तर पॅरिस आणि व्हिएन्नातल्या घरांतून उचललेल्या चित्रांचं काय करायचं, याला उत्तर उरत नाही.

निकाल कायद्याने योग्यच होता. खटकतं ते एवढंच की हा न्याय त्याच्याच दारात आला, ज्याच्याकडे चॅसी क्रमांक होता, कारखान्याच्या वहीत नाव होतं आणि वकिलाला द्यायला पैसे होते. १९३८ च्या डिसेंबरात ज्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या त्यांच्या गाड्या बहुतेक साध्या होत्या. त्या कधीच भंगारात गेल्या, आणि त्यांच्या मालकांपैकी कित्येक जण परत आलेच नाहीत. वहीत तिकिटं चिकटवणाऱ्यांना १०० मार्क मिळाले. आणि न्युरबुर्गरिंगवर दुसऱ्या आलेल्या आडोल्फ रोझेनबर्गरने युद्धानंतर पोर्शे कंपनीतला आपला हिस्सा परत मागितला, तेव्हा १९५० मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली: ५०,००० मार्क आणि एक गाडी, फोक्सवॅगन किंवा पोर्शे ३५६, यांतली हवी ती. हिस्सा परत मिळाला नाही. १९६७ मध्ये तो लॉस एंजेलिसला वारला.